होटगी रस्त्यावरचा विमानतळ

सोलापूरचा विमानतळ शहरालगत होटगी रस्त्यावर आहे. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्याला महाराष्ट्रातला सर्वांत जवळचा विमानतळ हाच. सोलापुरात आगगाडी १८६० साली आली. नियमित विमानसेवेसाठी मात्र जिल्ह्याला फार थांबावे लागले. धावपट्टी होती, अधूनमधून छोटी विमाने उतरत. किंगफिशरने काही काळ मुंबईची सेवा चालवली, पण ती बंद पडली.

२०१७ मध्ये केंद्राची ‘उडान’ योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत नाशिक, जळगाव, कोल्हापूर, नांदेड यांच्याबरोबर सोलापूरचेही नाव होते. बाकीच्या गावांची विमाने सुरू झाली, सोलापूरचे अडले. कारण धावपट्टीजवळच उभी असलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी. ती सहवीजनिर्मिती प्रकल्पाची होती आणि तिची उंची सुमारे ९० मीटर.

विमानतळ म्हणजे केवळ जमिनीवरची पट्टी नव्हे, तिच्या भोवतालचे मोकळे आकाशही त्यातच मोजतात. मोठ्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरच्या घेरात ४५ मीटरच्या वर काही डोकावू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांना विमान उतरते तिथे तर ही मर्यादा जमिनीलगत सुरू होऊन दूरवर हळूहळू चढत जाते. चिमणी या हिशोबात बसत नव्हती. पण कारखानाही ऊसउत्पादक सभासदांच्या घामावर उभा राहिलेला, त्यामुळे वाद नुसता नियमाचा राहिला नाही. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. दोन्ही बाजूंची निकड खरी होती. निर्णय लांबला, त्याची झळ प्रवाशांना आणि शेतकऱ्यांनाही बसली.

दरम्यान हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला नवा, मोठा विमानतळ करायचे ठरून जमीन संपादितही झाली होती. तिथे वनजमिनीचा आणि माळढोकाच्या अधिवासाचा प्रश्न आडवा आला. त्यामुळे जुन्या जागेलाच पुन्हा महत्त्व आले.

नूतनीकरणानंतर २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. तरी पहिले नियमित विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला; ‘फ्लाय ९१’चे ते विमान गोव्याचे. मुंबईची सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली. मैंदर्गीकरांना तोवर सीमेपलीकडचा कलबुर्गीचा विमानतळ उपलब्ध झाला होता; तो नोव्हेंबर २०१९ मध्येच सुरू झाला.