कमी आवाजात जड बेस: एका प्लेलिस्टची जन्मकथा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी आहे तसं ठेवलंय.)

आजचा एपिसोड माझ्या डाव्या कानापासून सुरू होतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली. फ्रिज बंद, पंखा बंद, सगळं शांत. आणि त्या शांततेत एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. आधी वाटलं इन्व्हर्टर असेल. मग कळलं की आवाज घरात नाही, कानात आहे. दोन आठवडे टंगळमंगळ केली आणि शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून कानाची तपासणी केली आणि तो आलेख समोर ठेवला. वरच्या पट्टीकडे रेघ थोडी खाली उतरलेली.

"इअरफोन किती वेळ?" म्हणाले. म्हटलं, दिवसाला पाच-सहा तास. "बसमध्ये?" हो, हिंजवडीला जाताना-येताना. "आवाज किती ठेवतोस?" मी गप्प. मग ते जे म्हणाले ते डोक्यात बसलं. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती गाण्यातला बेस झाकून टाकते. तुला बेस हवा असतो म्हणून तू आवाज वाढवतोस, पण वाढतं सगळंच. झांजा, गिटार, गाणाऱ्याचा 'स'. कान त्यांनी खराब होतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा आहे: 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. आवाज त्याच्या वर गेला की तास भराभर कमी होतात. मी हिशोब केला आणि तो इथे सांगत नाही, लाज वाटते.

तर काम असं ठरलं: रॉक सोडायचं नाही, आवाज कमी ठेवायचा आणि तरीही बेस जड लागला पाहिजे. रात्री ऑन-कॉल असताना डोकं शांत ठेवेल असा. एका प्लेलिस्टचा प्रश्न, दहा मिनिटांचं काम. मला तीन महिने लागले.

सर्चमध्ये 'हेवी बेस रॉक' टाकलं की काय येतं माहितीये? 'बेस बूस्टेड'. म्हणजे मूळ गाण्याचा खालचा भाग कुणीतरी फुगवलेला, आणि फोटोत गाडीच्या डिकीतला वूफर. हे आपल्याला नवीन नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेची भिंत गल्लीत शिरते तेव्हा खिडकीच्या काचा, कपाटातली भांडी आणि आपल्या बरगड्या एका तालात हलतात. जड तर आहेच ते. पण त्यात कुणाला झोप लागेल का? आणि दुसरीकडे तंबोऱ्याची खर्जाची तार. तीही खालचीच, पण ती लागली की खोली शांत होते. दोन्ही खालचे स्वर, परिणाम उलटे. मला तंबोऱ्याच्या जातीचा बेस हवा होता, रॉकमध्ये.

अडचण कानाच्या रचनेतच आहे. 1933 साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे स्वर बाकीच्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. तुमच्या घरी जुना स्टिरिओ डेक असेल तर त्यावर 'लाउडनेस' नावाचं बटण आठवतं? बाबा ते कायम दाबून ठेवायचे. त्या बटणाचं काम हेच: हळू आवाजात खालची पट्टी थोडी उचलून द्यायची. म्हणजे मला अशी गाणी हवी होती, ज्यांना त्या बटणाची गरजच पडणार नाही. जिथे बेस मागे उभा नसून मधोमध बसलाय. आणि मग प्रश्न पडला की अशी गाणी इतकी कमी का? इथून इतिहास सुरू होतो.

पहिली गोष्ट, बेस ऐकूच यायचा नाही. जुन्या बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बेस असायचा, आणि ट्रम्पेट-ड्रम सुरू झाले की तो वाजवणारा फक्त घाम गाळायचा. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला, अँप्लिफायरला जोडायचा. हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. हे लक्षात ठेवा, अजून एक रेडिओ दुरुस्त करणारा पुढे येणार आहे.

स्टेजवरचा प्रश्न सुटला, तबकडीवरचा नाही. तबकडीत आवाज म्हणजे नागमोडी खाच. स्वर जितका खालचा आणि मोठा, तितकी ती खाच रुंद झोके घेते. झोका जास्त झाला की घरच्या स्वस्त प्लेअरवरची सुई चक्क उडी मारते. शिवाय रुंद खाचा जागा खातात, म्हणजे एका बाजूला कमी मिनिटं मावतात. म्हणून कापताना बेस मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना प्लेअरने तो परत वाढवायचा, असा करार उद्योगात झाला. पण तरीही इंजिनिअर लोक घाबरूनच असायचे. एखादी बॅच परत आली तर शिव्या कुणी खायच्या? प्रॉडक्शनमध्ये शुक्रवारी डिप्लॉय न करणारे आम्ही लोक त्यांना चांगले ओळखतो.

लंडनला पॉल मॅकार्टनी यावरच चिडला होता. अमेरिकन रेकॉर्ड्समध्ये बेस इतका भरीव, आणि आमच्यात का नाही? त्याला ज्याचं वाजवणं हवं होतं तो माणूस डेट्रॉइटला मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत बसायचा. जेम्स जेमर्सन. 1962 चा फेंडर, गुळगुळीत जाड तारा, ज्या तो बदलायचाच नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या जुन्या तारांमुळे स्वराला टोकच नसायचं, गादीवर उशी पडावी तसा आवाज. मोटाउनची किती हिट गाणी त्या एका बोटावर उभी आहेत, मोजता यायची नाहीत. पण मॅकार्टनीला कित्येक वर्षं त्याचं नाव माहीत नव्हतं. कारण मुखपृष्ठावर वादकांची नावं छापतच नव्हते. 1971 मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर ती पहिल्यांदा छापली गेली. 1983 मध्ये जेमर्सन वारला, वय 47. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं 2000 साली. म्हणजे 17 वर्षांनी. ओपन सोर्सवाल्यांनो, तुमचं पॅकेज सगळं जग वापरतं आणि तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं, तो प्रकार इथेही आहे. 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे रॉक नाही, तरी यादीत घेतलंय. माझी यादी, माझे नियम.

1966 मध्ये ॲबी रोडला बीटल्सनी 'पेपरबॅक रायटर' रेकॉर्ड केलं तेव्हा वीस वर्षांच्या जेफ एमरिकने बेससाठी एक अफलातून जुगाड केला. लाउडस्पीकर उलटा जोडून माइक म्हणून वापरला. मोठा पडदा खालचा स्वर जास्त पकडतो, इतकं साधं तर्कशास्त्र. ब्रिटिश रॉकमध्ये बेस पुढे आला. शांत मात्र झाला नाही, ते गाणं चांगलंच उड्या मारतं.

जडपणा बर्मिंगहॅमहून आला आणि त्यामागे एक अपघात आहे. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात शेवटच्या दिवशी यंत्रात हात गेला, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. हा डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, आणि पुढे तारा सैल केल्या, कमी दुखावं म्हणून. सैल तार म्हणजे खालचा स्वर. ब्लॅक सबाथच्या 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर अनेक गाण्यांत तारा तब्बल दीड स्वर खाली आहेत, आणि गीझर बटलरचा बेसही त्यांच्यासोबत खाली उतरलेला. त्यांचं जे गाणं मी रोज ऐकतो ते मात्र आधीच्या वर्षीचं, 'प्लॅनेट कॅरव्हॅन'. ड्रमसेटच्या जागी हाताने वाजवलेली तालवाद्यं, आणि बेस होडीसारखा तरंगतो. मेटलचे बाप म्हणवणारे हे लोक इतकं हळुवार वाजवू शकतात यावर माझ्या आईचा अजून विश्वास नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. थोडं थांबून सांगतो.

दुसरा रेडिओ दुरुस्त करणारा जमैकातल्या किंग्स्टनचा. ऑस्बर्न रडक, सगळे त्याला किंग टबी म्हणायचे. किंग्स्टनच्या रस्त्यांवर 'साउंड सिस्टिम' लागायच्या, कपाटाएवढ्या स्पीकर्सच्या भिंती, आणि टबी त्यांचे अँप्लिफायर बांधायचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने घरातल्या छोट्या स्टुडिओत तयार गाणी उलगडायला घेतली. त्याच्याकडे चारच ट्रॅक. त्यातला गाण्याचा ट्रॅक बंद केला. गिटार मधूनच येऊ दिली आणि प्रतिध्वनीत विरू दिली. उरले ड्रम आणि बेस. याला डब म्हणतात. इथे माझी ट्यूब पेटली. टबीने बेस वाढवून मोठा केला नव्हता, त्याच्या आजूबाजूची गर्दी हलवली होती. मी तीन महिने इक्वलायझरची डावीकडची दांडी वर ढकलत होतो. उजवीकडच्या खाली ओढायच्या होत्या. 1989 मध्ये टबीला त्याच्या घराबाहेर गोळी घालून मारलं. मिक्सिंग टेबल हेसुद्धा वाद्य आहे हे जगाला दाखवणारा माणूस.

मग हे रॉकमध्ये कसं आलं? लोकांबरोबर. 1948 पासून जमैकाहून माणसं ब्रिटनला कामाला येत होती. बऱ्याच पबमध्ये त्यांना घेत नसत, म्हणून त्यांनी घरांत, तळघरांत स्वतःच्या साउंड सिस्टिम लावल्या. शेजारच्या गोऱ्या पोरांनी भिंतीपलीकडून तो बेस ऐकला. 1977 मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये पंक बँड वाजायचे आणि मधल्या वेळात रेकॉर्ड लावायला होता डॉन लेट्स, जमैकन आईबापांचा मुलगा. पंकच्या रेकॉर्ड्स तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो रेगे आणि डब लावायचा. स्टॉक नव्हता म्हणून घडलेला इतिहास! ब्रिक्स्टनमध्ये वाढलेल्या पॉल सिमोननचं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन', बाउहाउसचं नऊ मिनिटांचं 'बेला लुगोसीज डेड', दोन्ही 1979 ची, दोन्ही यादीत.

पण त्या वर्षाचा खरा राजा 'मेटल बॉक्स'. सेक्स पिस्टल्स सोडलेल्या जॉन लायडनचा नवा बँड, पब्लिक इमेज लिमिटेड. बेसवर जॉन वॉर्डल. सिड व्हिशसने दारूच्या नशेत त्याचं नाव उच्चारलं ते 'जाह वॉबल' असं बाहेर पडलं, आणि तेच राहिलं. हा तासाभराचा अल्बम त्यांनी एका एलपीत कोंबला नाही. तीन मोठ्या तबकड्या, 45 च्या वेगाने फिरणाऱ्या, सिनेमाच्या रिळाच्या पत्र्याच्या डब्यात. डब्याचं कौतुक सगळे करतात, मला तबकड्यांचं आहे. तीन तबकड्या म्हणजे खाचेला भरपूर जागा, म्हणजे बेसला पाहिजे तेवढा झोका. सुईची तीस वर्षांची भीती त्यांनी पैसे मोजून विकत घेतली. त्यातलं 'पॉपटोन्स' लावा. गिटार काचेच्या तुकड्यांसारखी वर फिरते, लायडन कुरकुरतो, आणि खाली वॉबल एकच आकृती गोल गोल वाजवत राहतो, कुठलीही घाई नसल्यासारखा. (हा वॉबल पुढे काही वर्षं संगीत सोडून लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरीला होता. ऑन-कॉल रात्री मला याचा फार आधार वाटतो.)

जॉय डिव्हिजन यादीत नाही, त्यावर शिव्या येतील. मला प्रचंड आवडतात, पण पीटर हूक बेसच्या वरच्या तारांवर वाजवतो. सुंदर आहे, खर्ज नाही.

शेवटी अमेरिकेचा मॉर्फिन. गिटारच नाही. बॅरिटोन सॅक्सोफोन, ड्रम, आणि मार्क सँडमनचा दोन तारांचा बेस, त्यावर स्लाइड घासत वाजवलेला. 1993 चा 'क्युअर फॉर पेन' कमी आवाजात इतका भरतो की पहिल्यांदा ऐकताना मी फोनवरचा आकडा पुन्हा तपासला. सँडमन 1999 मध्ये इटलीत स्टेजवरच कोसळला आणि गेला. त्याची पाच गाणी घेतलीत, जास्त झाली असतील.

एक कामाची गोष्ट. फोनच्या स्पीकरवर यातलं काही ऐकू नका. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते आणि नखाएवढ्या स्पीकरला ते जमत नाही. वरचे उपस्वर ऐकून मेंदू तो खालचा स्वर मनानेच भरून घेतो, पण पोट भरत नाही. इअरफोन असतील तर रबराची टोपी कानात नीट बसतेय का बघा. जराशी फट राहिली की बेस तिथून निघून जातो, आणि मग हात आवाजाच्या बटणाकडे जातो.

यादीत 19 गाणी झालीत. शिट्टी गेलेली नाही, डॉक्टर म्हणाले आहे तिथे थांबली तरी चांगलं. रात्री अडीचला अलर्ट येतो, मी लॅपटॉप उघडतो, आवाज सोळापैकी चारवर. 'पॉपटोन्स' संपून 'प्लॅनेट कॅरव्हॅन' सुरू होण्याआधी मध्ये दोन सेकंद काहीच नसतं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून फ्रिजची घुंग ऐकू येते. परवा ट्यूनर ॲप लावून बघितलं. जवळजवळ 'जी' आहे.