ॲथॉस पर्वत : मठवास व यात्रा

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संन्याशांचे ईशान्य ग्रीसमधील स्वायत्त मठक्षेत्र व तीर्थस्थान. कॅल्किडिकी द्वीपकल्पाचे तीन चिंचोळे भाग इजीअन समुद्रात शिरलेले असून त्यांपैकी सर्वांत पूर्वेकडील भागावर हे क्षेत्र वसले आहे. क्षेत्रफळ सु. ३३५ चौ. किमी. दक्षिण टोकाच्या शिखराची उंची २,०३३ मी. आहे. ग्रीक लोक यास ‘पवित्र पर्वत’ म्हणतात. जगापासून दूर राहण्यासाठी संन्याशांनी हे स्थान निवडले. तथापि दारी आलेल्या यात्रेकरूचे स्वागत करणे हेही मठवासीयांचे धर्मकर्तव्य मानले जाते. या दोन कर्तव्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न येथील इतिहासात सातत्याने दिसून येतो.

नवव्या शतकात येथे एकांतवासी तपस्वी राहत होते. ८८५ मध्ये बायझंटिन सम्राट पहिला बॅझिल याने राजाज्ञा काढून त्यांना संरक्षण दिले. ९६३ मध्ये संत अथानेशियस याने ‘ग्रेट लाव्रा’ हा मठ स्थापून संघटित मठजीवनाचा पाया घातला. पुढे जॉर्जियन, सर्बियन, बल्गेरियन व रशियन संन्यासीही येथे आले. प्रमुख मठांची संख्या वीस असून त्यांपैकी सतरा ग्रीक, तर पांतेलेइमॉन रशियन, हिलांदार सर्बियन व झोग्राफ बल्गेरियन परंपरेचा आहे. पंधराव्या शतकापासून १९१२ पर्यंत हा प्रदेश ऑटोमन तुर्कांच्या अंमलाखाली होता. त्या काळात मठांना परदेशांतील जमिनींचे उत्पन्न, राजेरजवाड्यांच्या देणग्या व यात्रेकरूंचे दान यांचा मोठा आधार होता. सांप्रत हे क्षेत्र ग्रीसच्या सार्वभौमत्वाखाली स्वायत्त असून धार्मिक दृष्ट्या कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या अधिकारात येते.

प्रवाशांच्या आगमनाचे परिणाम संमिश्र होते. कीव्हचा यात्रेकरू व्हसिली बार्स्की याने अठराव्या शतकात दोनदा येथे येऊन मठांची तपशीलवार वर्णने व रेखाचित्रे केली. तत्कालीन वास्तूंच्या अभ्यासास ती आजही उपयुक्त ठरतात. याउलट रॉबर्ट कर्झन हा इंग्रज प्रवासी १८३७ मध्ये आला तो हस्तलिखितांच्या शोधात. बल्गेरियाचा झार इव्हान अलेक्झांडर याच्यासाठी चौदाव्या शतकात सिद्ध झालेली शुभवर्तमानांची सचित्र पोथी सेंट पॉल मठाच्या प्रमुखाने त्याला भेट म्हणून दिली. ती आता लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीत आहे. आतिथ्याच्या औदार्यातून मठाचा ठेवा कायमचा बाहेर गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

आज प्रवेशासाठी परवाना आवश्यक असतो. दररोज सु. शंभर ऑर्थोडॉक्स व दहा इतर यात्रेकरूंना तो मिळतो. त्याची मुदत साधारणतः चार दिवसांची असते. ऊरानूपोली येथून नावेने दाफ्नी बंदरात व तेथून कारीएस या प्रशासकीय केंद्राकडे जाता येते. मठात अतिथिव्यवस्थापक संन्यासी पाहुण्यास पाणी, कॉफी, ‘लुकूमी’ ही मिठाई व थोडे मद्य देतो. लाकडी फळीवर ठोके देऊन प्रार्थनेची सूचना केली जाते. भोजनप्रसंगी सर्वजण मौन पाळतात व एक संन्यासी धर्मग्रंथ वाचतो. येथे ज्यूलियन कॅलेंडर पाळतात. ते प्रचलित कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. बहुतेक मठांत दिवसाचा आरंभ सूर्यास्तापासून धरतात. सूर्यास्तास महाद्वार बंद होत असल्याने यात्रेकरूस मठाचेच वेळापत्रक पाळावे लागते. काही मठांत ऑर्थोडॉक्सेतरांना उपासनेच्या वेळी मंदिराच्या पुढील दालनातच थांबावे लागते.

स्त्रियांना या क्षेत्रात प्रवेश नाही. हा पर्वत कुमारी मेरीचे उद्यान असल्याची श्रद्धा व मठांची प्राचीन शिस्त यांवर हा निर्बंध आधारलेला आहे. १९५३ च्या ग्रीक कायद्याने त्याचे उल्लंघन दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र ठरविले. ग्रीसच्या युरोपीय समुदायातील प्रवेशाच्या कराराच्या वेळी, १९७९ मध्ये, ॲथॉसचा विशेष दर्जा मान्य करण्यात आला. परंतु २००३ मध्ये युरोपीय संसदेने हा निर्बंध उठविण्याची मागणी केली. धार्मिक स्वायत्तता व समान नागरी हक्क यांतील हा वाद अद्याप मिटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सु. ७,४०० संन्यासी होते. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियन यात्रेकरू व संन्यासी यांचा ओघ थांबला आणि १९७० च्या सुमारास ही संख्या सु. १,१५० पर्यंत घटली. त्यानंतर सुशिक्षित तरुणांच्या आगमनाने ती पुन्हा वाढली. त्यांच्यापैकी अनेकांची मठजीवनाशी पहिली ओळख यात्रेकरू म्हणूनच झाली होती. यामुळे एकांताचे रक्षण करणाऱ्या या समाजाचे सातत्यही काही अंशी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यावरच अवलंबून राहिले आहे.