गिरणीची फरशी कोणाची?

स्केटबोर्ड घेऊन हिंडणारा प्रवासी नव्या शहरात आला की आधी फरशी बघतो. देऊळ, राजवाडा, संग्रहालय नंतर. गुळगुळीत सिमेंट कुठे आहे, उतार किती आहे, पायऱ्यांचा कठडा किती उंच आहे, राखणदार हाकलतो की बघत उभा राहतो, एवढ्यावर तो शहराबद्दल मत बनवतो. पर्यटनाच्या पुस्तकांपेक्षा ही पारख मला अधिक विश्वासाची वाटते. शहराची कोणती जमीन सर्वांना मोकळी आहे, हे तिच्यातून कळतं.

या प्रवाशांच्या नकाशावर पश्चिम जर्मनीचा भाग फार पूर्वीपासून आहे. म्युन्स्टर इथे १९८२ साली सुरू झालेली स्पर्धा जगभरच्या स्केटबोर्डपटूंना तिकडे खेचू लागली. पुढे ती डॉर्टमुंडला गेली. म्युन्स्टर हे विद्यापीठाचं शहर. डॉर्टमुंड मात्र कोळशाचं आणि पोलादाचं. तिथून डुइसबुर्गपर्यंत रूरचं खोरं पसरलेलं आहे. शंभर-दीडशे वर्षं धूर ओकलेली ही शहरं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक थंड पडत गेली.

डुइसबुर्गच्या माइडेरिश भागातला पोलाद कंपनीचा कारखाना १९८५ साली बंद झाला. तिथल्या झोतभट्ट्या पाडायचं ठरत होतं. रहिवाशांनी विरोध केला. दरम्यान नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या सरकारने १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षांची एक योजना हाती घेतली : एम्शर नदीकाठच्या या उजाड पट्ट्याचं करायचं काय, याची. पेटर लाट्झ या निसर्गरचनाकाराने भट्ट्या न पाडता त्यांच्याभोवती उद्यान आखलं. १९९४ साली ते लोकांसाठी उघडलं. आज तिथे खनिजाच्या जुन्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात, वायूच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे उतरतात आणि बंद भट्टीच्या माथ्यापर्यंत कोणीही चढून जाऊ शकतं. उद्यानात शिरायला तिकीट नाही. शेजारच्या एसेन शहरातली त्सोलफराइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद झाली, ती राज्याने विकत घेतली. २००१ साली ती युनेस्कोच्या वारसायादीत गेली. हिवाळ्यात तिथल्या कोकभट्ट्यांच्या रांगेलगत बर्फावर मुलं घसरतात.

या सगळ्याला जर्मन भाषेत ‘इंडुस्ट्रीकुल्टूर’ म्हणतात. ‘औद्योगिक संस्कृती’ असं भाषांतर करून मी बरेचदा थांबले आहे. शब्द बरोबर, पण निर्जीव, सरकारी अहवालातला. मूळ शब्दात यंत्रं, चाळी, भोंगे, पाळ्या, कामगारांची गाणी आणि त्यांचे संपसुद्धा येतात. मग ध्यानात आलं की हे सगळं पोटात घेणारा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे : गिरणगाव.

शब्द राहिला; जागेचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्यांच्या जमिनी मात्र जागच्या जागी होत्या, सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनींची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीची इमारत पाडून जी जागा मोकळी होते, ती वाटणीतून सुटली. बऱ्याच गिरण्यांत रिकामी जागा फारशी नव्हतीच. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने कौल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आता लालबाग-परळच्या त्या फरश्यांवर मॉल आणि मनोरे आहेत, आणि त्यांच्या दारात राखणदार.

मी राहते त्या चेन्नईतही ही गोष्ट वेगळी नाही. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गिरण्या ‘बिन्नी मिल’ म्हणून ओळखल्या जात. त्यांच्या कामगारांतूनच एप्रिल १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली. देशातल्या पहिल्या आधुनिक कामगार संघटनांपैकी ही एक. १९२१ चा संप महिनोन्महिने चालला. गोळीबार झाला, आणि आदि-द्रविड कामगार व इतर यांच्यातल्या फुटीने संप आतून मोडला. ते दुखणं मुंबईच्या गिरण्यांनाही अनोळखी नव्हतं; तिथे विणकामाच्या खात्यात दलितांना मज्जाव असे. बिन्नी मिल १९९६ च्या सुमारास कायमची बंद पडली. मग तिच्या ओस शेडमध्ये तमिळ सिनेमांच्या मारामाऱ्या चित्रित होऊ लागल्या आणि पुढे तिथे निवासी मनोरे आले. चेन्नईच्या मुलांना स्केटबोर्ड खेळायचा तर शहराबाहेर, कोवलम आणि महाबलीपुरमच्या समुद्रकाठी जावं लागतं. महाबलीपुरमच्या अशाच एका मुलीवरचा ‘कमली’ हा २०१९ चा लघुपट जगभर पाहिला गेला. कोळ्यांच्या वस्तीत तिला उतार मिळाला. पेरांबूरच्या मैलभर लांब शेडमध्ये तो कोणी बांधला नाही.

जर्मनीला सगळं श्रेय देण्याआधी हिशेब नीट मांडायला हवा. रूरच्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हतं; माती विषारी झाली होती, माणसं गाव सोडून चालली होती. सरकारला ती विकत घेणं परवडलं. मुंबईत हात लावीन तिथे सोनं होतं. तिकडे खाणी एकदम बंद पडल्या नाहीत. अनुदान देत, कामगारांना लवकर निवृत्त करत दशकानुदशकं त्या मिटवत आणल्या, आणि शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. आपल्याकडचा कामगार मात्र एका संपात रस्त्यावर आला.

पण जमिनीच्या भावाने सगळं ठरतं असंही नाही. दादरला चैत्यभूमीलगतची इंदू मिल ही त्याच सोन्याच्या भावाची जमीन, समुद्राला लागून. ती बाबासाहेबांच्या स्मारकासाठी द्यावी म्हणून आंबेडकरी कार्यकर्ते वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. २०११ च्या डिसेंबरात ते थेट गिरणीत शिरून बसले. २०१५ साली तिथे भूमिपूजन झालं. माइडेरिशच्या रहिवाशांनी भट्टी वाचवली आणि दादरच्या लोकांनी जमीन, दोन्ही ठिकाणी निकाल लागला तो माणसं अडून बसली म्हणून. बाकीच्या गिरण्यांसाठी असं अडून बसायला ज्यांनी यायचं, ते तोवर विरार-कल्याणच्या पुढे राहायला गेले होते.