ठेवीदारांनी समजून घ्यावेत असे काही शब्द

एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची बातमी आली की तिच्या शाखांबाहेर रांगा लागतात. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी हा अनुभव घेतला. निर्बंध म्हणजे बँक बुडालीच, असे समजणे चुकीचे आहे. तसेच विमा आहे म्हणजे सर्व ठेव सुरक्षित आहे, हा समजही घातक आहे. यासंबंधी नेहमी कानावर पडणाऱ्या शब्दांचे अर्थ असे :

अनुत्पादक कर्ज : कर्जाचे व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की ते कर्ज अनुत्पादक, अर्थात 'एनपीए' ठरते. पीककर्जासाठी ही मुदत पीक हंगामानुसार मोजतात. एकूण थकीत कर्जांना 'ढोबळ', तर त्यांपोटी केलेली तरतूद वजा जाता उरणाऱ्या रकमेला 'निव्वळ' एनपीए म्हणतात. बँकेचा वार्षिक अहवाल वाचताना दोन्ही आकडे पाहावेत.

निर्बंध : बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधील कलम ३५-अ अन्वये रिझर्व्ह बँक असे आदेश देते. त्यानुसार नवी कर्जे देणे व नव्या ठेवी स्वीकारणे थांबवले जाते आणि पैसे काढण्यावर मर्यादा येते. मात्र, केवळ या आदेशामुळे बँकेचा परवाना रद्द होत नाही.

ठेव विमा : रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ हे संरक्षण देते. विम्याचा हप्ता बँक भरते. १९९३ पासून एक लाख रुपये असलेली मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेसाठी आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने तीन व चार लाखांच्या ठेवी असतील, तर त्या सात लाखांपैकी पाच लाखांनाच संरक्षण मिळते. त्याच बँकेचे कर्ज बाकी असल्यास ते वजा होऊ शकते. २०२१ मधील दुरुस्तीनुसार, पैसे काढण्यावर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारणतः ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे.

अवसायन : परवाना रद्द झाल्यावर बँकेचा कारभार गुंडाळण्याची ही प्रक्रिया. अवसायक कर्जे वसूल करतो, मालमत्ता विकतो आणि देणी भागवतो. विमा महामंडळाने दिलेली रक्कमही याच वसुलीतून परत करायची असते. त्यामुळे पाच लाखांवरील ठेव कधी व किती मिळेल, याची शाश्वती नसते.

पतसंस्था : ही बँक नव्हे. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिच्या ठेवींना या महामंडळाचे विमा संरक्षण नसते. नावात 'सहकारी' हा शब्द दोन्हीकडे असल्याने अनेकांची गल्लत होते.

निवृत्तीचे पैसे किंवा घर विकून आलेली रक्कम केवळ अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी एकाच ठिकाणी ठेवण्यापूर्वी ती संस्था बँक आहे की पतसंस्था, आपली रक्कम विमा मर्यादेत बसते का आणि निव्वळ एनपीए किती आहे, एवढे तीन प्रश्न ठेवीदाराने विचारलेच पाहिजेत.