अच्छाड नाक्यावरचे नऊ तास

अच्छाड म्हणजे महाराष्ट्राचा उंबरठा. तलासरी तालुक्यातल्या या गावापाशी मुंबई–अहमदाबाद महामार्ग राज्याची हद्द ओलांडतो. पलीकडे भिलाड, मग वापी. या रस्त्यावर मालट्रक चालवणाऱ्याला आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं हाताशी ठेवायची सवय असते. आणि ‘चलान’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

चोरांनी नेमका हाच गोळा हेरला. जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने वाहनचलानाच्या नावाखाली चाललेली एक फसवणूक उघड केली. त्यामागची टोळी व्हिएतनामी असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. ‘मॉरिसबॉट’ नावाच्या मालवेअरने ४,४०० हून अधिक फोन पोखरले होते आणि १६ लाखांहून अधिक रुपये उडवले होते. सर्वाधिक फटका गुजरातला बसला होता, म्हणजे अच्छाडच्या थेट शेजाऱ्याला.

पुढच्या घटनाक्रमातला चालक कुणी एक माणूस नाही. वेळा, संवाद आणि रक्कमही नमुन्यादाखल आहेत. फोनच्या आत जे घडतं, ती मात्र या जातीच्या मालवेअरची ठरलेली चाल आहे.

संध्याकाळी ५.४० | उरले ९ तास

वापीहून कागदाचे रोल भरून भिवंडीला निघालेला ट्रक अच्छाडला रांगेत उभा आहे. गाडी स्वतःची, हप्ते चालू. व्हॉट्सॲपवर निरोप येतो: तुमच्या गाडीवर चलान झालं आहे, तपशील पाहण्यासाठी ॲप उघडा. डीपीला सरकारी चिन्ह. खाली एक फाईल आणि तिच्या नावाच्या शेवटी तीन अक्षरं: एपीके.

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचं बांधलेलं गाठोडं. तो फोटो नव्हे, पावतीही नव्हे. ते उघडणं म्हणजे अनोळखी माणसाचं सामान घरात घेणं.

५.४३ | उरले ८ तास ५७ मिनिटं

फोन आडवा येतो. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, परवानगी द्यायची का? चालक ‘हो’ म्हणतो. मग गूगलचं प्ले प्रोटेक्ट धोक्याचा इशारा देतं. ‘तरीही इन्स्टॉल करा’ हा पर्याय शोधून तो दाबतो. आत आलेलं ॲप आता स्वतःच मागण्या सुरू करतं: संपर्कयादी द्या, कॉल द्या, एसएमएस द्या. शेवटची मागणी सगळ्यात महागडी: मला मेसेजचं मुख्य ॲप करा. हो, हो, हो, हो. मागून हॉर्न वाजतो आणि रांग सरकते.

नाक्यावर पीयूसी तपासणारा अधिकारी कधी बायकोचा फोन नंबर आणि घरची पत्रं मागत नाही. मग चलान दाखवायला संपर्कयादी आणि एसएमएस कशाला? हा एक प्रश्न पडला असता, तर घटनाक्रम इथेच संपला असता.

ही युक्ती नवी नाही. २००४ साली ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात जायचा. तोही आत शिरण्याआधी विचारायचा, आणि लोक ‘हो’ म्हणायचे.

६.०५ | उरले ८ तास ३५ मिनिटं

“काय निघालं, दादा?” क्लीनर विचारतो.

“उघडतच नाय. बेकार ॲप आहे.”

पडद्यावरून ॲपचं चिन्ह गायब झालेलं असतं. चालकाला वाटतं, गेलं. प्रत्यक्षात ते मागच्या खोलीत जाऊन बसलेलं असतं आणि येणारा प्रत्येक एसएमएस टोळीच्या टेलिग्राम बॉटकडे धाडत असतं.

रात्री ९.१५ | उरले ५ तास २५ मिनिटं

ढाब्यावर जेवताना चारोटीच्या मित्राचा फोन येतो. “तुझ्या नंबरवरून मला चलानाचा मेसेज कसा आला रे?”

सुटकेचा हा शेवटचा उघडा दरवाजा. “व्हायरस असंल. सकाळी दुकानात दाखवतो,” म्हणत चालक व्हॉट्सॲपवरचा मूळ निरोप पुसून टाकतो. पण निमंत्रण फाडलं म्हणून आत आलेला पाहुणा बाहेर जात नाही. फोन बंद-चालू करूनही तो जाणार नाही.

११.३० | उरले ३ तास १० मिनिटं

चालक केबिनमध्ये झोपला आहे. कुठेतरी दूर कुणीतरी त्याच्या ऑनलाइन खरेदीच्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबतं. ओटीपी येतो, पण फोन वाजत नाही. मेसेजची किल्ली आता दुसऱ्याच्या कमरेला आहे. मग गिफ्ट कार्डांची खरेदी सुरू होते. पार्सल नाही, पत्ता नाही, आणि रक्कम दर वेळी थोडीशी, बँकेला संशय येऊ नये इतकी.

२.४० | शून्य

डिझेल आणि हप्त्यासाठी राखलेले ३८ हजार संपलेले असतात. एकही काच फुटलेली नसते.

सकाळी ६.१५ | उलट्या मोजणीनंतर

पंपावर क्यूआर स्कॅन होतो आणि उत्तर येतं: शिल्लक अपुरी. आता पुन्हा घड्याळाशीच शर्यत आहे, आणि कामांचा क्रम चुकवून चालणार नाही.

आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फाय बंद आहे ना ते पाहा. मग क्लीनरच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार द्या. पैसे अजून कुठल्या खात्यात अडकलेले असतील तर ते गोठवण्याची शक्यता इथेच असते. त्याच फोनवरून बँकेला कळवा आणि कार्ड बंद करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेच्या माथी असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

काही पुसण्याआधी मेसेजचे आणि व्यवहारांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. पोलिसांना ते लागतील.

आता घुसखोर. फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण दाबून ‘बंद करा’ हा पर्याय दाबून धरला की तो मोड मिळतो. त्यात बाहेरून आलेली ॲप्स झोपलेली राहतात. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा, कारण चिन्ह लपलं तरी यादीत नाव बहुधा सापडतं. काढण्याचं बटण फिकट दिसत असेल, तर त्या ॲपने प्रशासकाचा हक्क घेतला आहे. सुरक्षेच्या विभागात ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून तो काढा. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी बंद करा, मेसेजचं मुख्य ॲप मूळचं करा आणि मग घुसखोराला हटवा. नंतर प्ले प्रोटेक्टने तपासणी करा. सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘एम-कवच २’ हे मोफत ॲपही आहे.

खात्रीचा उपाय एकच: फोटो आणि संपर्क बाजूला काढून फॅक्टरी रीसेट. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते स्वच्छ फोनवरून. रोगी फोनवर बदललेला पासवर्ड चोराच्याच हातात पडतो. शेवटी संपर्कातल्या सगळ्यांना सांगा, माझ्या नावाने आलेलं काही उघडू नका.

खरं चलान कधीही एपीके होऊन येत नाही. ते पाहायचं तर ब्राउझरमध्ये डॉट जीओव्ही डॉट इन वर संपणारा सरकारी पत्ता स्वतः टाईप करा, गाडीचा नंबर घाला आणि पाहा.

रस्त्यावर गाडीचे कागद तपासायला सरकार माणसं ठेवतं. फोनच्या नाक्यावर मात्र नाकेदार आपणच असतो. पुढच्या वेळी फोन परवानगी मागेल तेव्हा मागे कितीही हॉर्न वाजोत, गाडी बाजूला घ्या आणि वाचा.