गळाच्या काठीवरच्या कड्या

भंडारा जिल्ह्यातील सानगडी हे साकोली तालुक्यातले किल्ल्याचे गाव. हा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या इथल्या तलावांना पुढे मालगुजारी तलाव असे नाव पडले. तलावाच्या काठी गळ टाकून बसलेल्या मुलांच्या हातात बांबूची साधी काठी असते. दोरा तिच्या शेंड्यालाच बांधलेला असतो. या काठीला कडी नाही, रीळही नाही. मग कड्या कधी आल्या आणि कशासाठी?

शेंड्याला बांधलेला दोरा जेवढा लांब, तेवढ्याच अंतरावर मासा पकडता येतो. मोठा मासा ओढू लागला तर दोरा सोडता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोरा गुंडाळून ठेवणारे रीळ. चिनी चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात असे रीळ दिसते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात त्याचा उल्लेख येतो. १८४० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल फिलिप यांनी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. अशा सुरुवातीच्या काठ्यांसाठी 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जाणारा भारतीय बांबू वापरला जाई.

रीळ मुठीजवळ आले की दोरा शेंड्यापर्यंत न्यायला कड्या लागतात. फक्त शेंड्यालाच कडी असेल तर काठी वाकल्यावर दोरा धनुष्याच्या दोरीसारखा सरळ ताणला जातो आणि वळणाचा सगळा भार एकाच जागी येतो. समजा, दोऱ्यावर २ किलोचा ताण आहे आणि तो एकाच कडीत ६० अंशांनी वळतो. त्या कडीवर २ किलोचा भार येईल. तेच वळण सहा कड्यांत १०-१० अंशांनी वाटले, तर प्रत्येकीवर सुमारे ०.३५ किलोच भार येतो. घर्षण मात्र एकूण वळणावर अवलंबून असते, त्यामुळे ते फारसे वाढत नाही. शेंडा जास्त वाकतो, म्हणून तिथे कड्या जवळजवळ बसवतात. पण प्रत्येक कडीचे वजन शेंड्याला जड करते, म्हणून त्या लहान आणि हलक्या हव्यात.

१९०५ साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाचे पेटंट घेतले. ते कापड उद्योगातले होते. गिरणीतल्या बॉबिनवरून दोरा टोकाकडून सुटतो, तसाच इथेही रीळ न फिरता दोरा सुटतो. त्यामुळे फेक लांब जाते, पण दोरा वेटोळी घेत बाहेर पडतो. पहिली कडी लहान आणि रिळाच्या फार जवळ असेल तर ही वेटोळी तिच्यावर आपटतात. म्हणून पहिली कडी मोठी ठेवून पुढच्या कड्या क्रमाने लहान करत नेल्या. जणू दोऱ्यासाठी हवेत एक शंकूच आखला. पुढे जपानच्या फुजी कंपनीने वेगळी मांडणी पुढे आणली: उंच पायांच्या थोड्या कड्यांत वेटोळी लवकर आवळायची आणि पुढे बारीक कड्या लावायच्या. नायलॉन आणि नंतरचे बारीक विणीव दोरे आल्यामुळे हे सोपे झाले.

वर्गात करून पाहा. शिवणाच्या दोऱ्याचे रीळ पेन्सिलीत अडकवून घट्ट धरा आणि दोरा टोकाकडून झटकन ओढा. त्याच्या वाटेत आधी बांगडी धरा, मग शर्टाचे बटण. दोन्ही वेळा त्यांचे रिळापासूनचे अंतर बदला. दोरा कुठे अडखळतो ते मुलांना नोंदवू द्या. शंकू कुठे सुरू व्हावा आणि कुठे संपावा, हे त्यांचे तेच सांगतील.