वाटसरूचें पाणी

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया व तह हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्यांनीं जगाचें सुख थेंबाथेंबानें वाढविलें, त्यांची नोंद बखरींत बहुधा सांपडत नाहीं. क्वचित् मात्र ती दगडावर सांपडते. ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्रींत जो नाणेघाट आहे, तेथें ती आहे.

सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नराकडे नेणारी ही वाट सातवाहनांच्या काळीं फार वाहती होती. वैशाखरें गांवाजवळ तिचा चढ सुरू होतो. माथ्याजवळच्या लेण्यांत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख कोरलेला असून तो सुमारें दोन हजार वर्षांचा आहे. अश्वमेधादि यज्ञांत दिलेल्या हजारों गाई, हत्ती, घोडे व कार्षापणें यांची मोजदाद त्यांत केलेली आहे. त्याच लेण्यांत राजकुलांतील माणसांचे पुतळे होते. आतां त्यांच्या पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत.

याच घाटांत दोन लहानसे लेख आहेत, त्यांजकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. एक सोपाऱ्याच्या गोविंददासाचा. त्यानें ‘पोढी’, म्हणजे पाण्याचें टांकें, धर्मदान म्हणून दिलें, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. दुसरा कामवनच्या दामघोषाचा. त्याचें दानहि टांक्याचेंच. त्या लेखांत चतरपन सातकर्णीच्या राज्याचें १३ वें वर्ष, हेमंताचा पांचवा पक्ष आणि दहावा दिवस, इतकी बारीक नोंद आहे. पराक्रमाचा शब्द दोन्ही लेखांत नाहीं.

राणीच्या दक्षिणेपुढें हें दान किती लहान! परंतु तें कोणास दिलें हें पहावें. ज्यांचें नांव, गांव, जात यांपैकीं कांहींहि दात्यास ठाऊक नव्हतें, आणि ज्यांजकडून परतफेडीची आशा नव्हती, अशा पांथस्थांसाठीं तें होतें. पाठीवर ओझें घेऊन चढणाऱ्यास माथ्यावर पोंचतांच प्रथम काय हवें असतें, हें त्यानें ओळखलें होतें. राणीच्या गाई गेल्या, कार्षापणें गेलीं. घाटांतल्या टांक्यांत मात्र अद्याप पावसाचें पाणी सांठतें, आणि दमून आलेला मनुष्य तें ओंजळीनें पितो.

मुरबाडास लागून उत्तरेस शहापूर तालुका आहे. तेथेंहि ही परंपरा दिसते. जुन्या मुंबई-नाशिक वाटेवर कसारा घाटांत घुमटाची एक विहीर असून लोक ती अहिल्याबाई होळकरांची (१७२५–१७९५) म्हणून सांगतात. चैत्र-वैशाखांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालावी, दारीं आलेल्यास नांव विचारण्यापूर्वीं पाण्याचा तांब्या पुढें करावा, ही आपल्याकडील रीत त्याच जातीची.

याच शहापुरानें मुंबईची तहान भागविली. तानसेचें धरण १८९२ मध्यें पुरें झालें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भातसेच्या पाण्याची भर पडली. तरीहि शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांतील बायांना उन्हाळ्यांत हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जावें लागतें, किंवा टँकरची वाट पहावी लागते. पूर्वीं समुद्रकांठच्या सोपाऱ्याचा मनुष्य घाटावर पाणी ठेवून गेला. आज घाटाखालचें पाणी समुद्रकांठच्या शहरास जातें, आणि ज्या भूमीवरून तें जातें ती कोरडी राहते.

कोणी म्हणेल, अशा दुःखास लहानसहान दया काय पुरणार? खरें आहे. पाड्यापाड्यास नळ देणें हें न्यायाचें काम आहे, आणि तें पाणपोईवर ढकलूं नये. परंतु त्या न्यायाची निकड तरी कोणास वाटणार? न पाहिलेल्या माणसाची तहान ज्याच्या घशास जाणवते त्यालाच. हा अभ्यास एकदम होत नाहीं. दारच्या तांब्यापासून तो सुरू होतो.

गोविंददासानें खालीं बंदरांत राहून घाटावरच्या माणसाचा विचार केला. मुंबईकरानें नळ उघडतांना शहापूरच्या हंड्याचा तितकाच विचार केला, तरी त्या जुन्या दानाचें ऋण थोडेंसें फिटेल.